भावजींचं रिव्हॉल्व्हर

जेवणाच्या टेबलावर कालच्या वर्तमानपत्राची दोन पानं पसरली होती आणि त्यांवर भाच्यानं ते रिव्हॉल्व्हर आणून ठेवलं. ठेवण्याआधी त्यानं ते मधोमध मोडून उघडलं, सहाही घरं रिकामी आहेत हे स्वतः पाहिलं, मग मला दाखवलं. घरात एकही काडतूस नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी त्यानं दाखवलं. "बाबांची सवय," तो म्हणाला. स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "अरे, तिथं आपण जेवतो ना?"

ही गोष्ट २०२३ सालच्या ऑक्टोबरातली, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली. भावजींना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. १९६९ साली ते इंजिनियर म्हणून तिकडे गेले आणि आयुष्यभर एका कारखान्यात यंत्रांचे साचे बनवत राहिले. मोठा कुशल हात. घड्याळापासून गवत कापायच्या यंत्रापर्यंत घरातली एकही वस्तू त्यांनी कधी बाहेर दुरुस्तीला दिली नाही. त्यांच्या मागे घर आवरायला काढलं तेव्हा पुस्तकं वाचनालयात गेली, हत्यारं शेजारच्या मुलाला दिली, कपडे वाटले. शेवटी तिजोरीतली ही एक वस्तू उरली.

"मामा, हे मी पुन्हा ओरिजिनल करून घ्यावं म्हणतोय," भाचा म्हणाला. "पण आई काही बोलत नाही. तू सांग. तू बँकेत होतास, कादंबऱ्या लिहितोस. तुला जुन्या गोष्टींतलं कळतं."

आता बँकेतल्या माणसाचा शस्त्राशी संबंध किती? शाखेच्या दाराशी बसणाऱ्या पहारेकऱ्याची दुनळी बंदूक एवढाच. तीसुद्धा मी तीस-पस्तीस वर्षांत कधी हातात घेतली नाही. कादंबरीत एकदा एका पात्राच्या हाती पिस्तूल दिलं होतं, तर एका वाचकानं पत्र लिहून तीन चुका दाखवल्या. तेव्हा मी भाच्याला म्हटलं, "आधी मला हे काय आहे ते समजू दे. मग बघू."

समजून घ्यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांचा हा वृत्तांत.

वस्तू होती 'वेब्ली मार्क सिक्स'. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं हे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश लष्करानं १९१५ सालच्या मे महिन्यात स्वीकारलं आणि पहिल्या महायुद्धात ते अधिकाऱ्यांच्या कमरेला सर्वत्र दिसू लागलं. वजन किलोभराहून थोडं जास्त, नळी सहा इंची, दिसायला ओबडधोबड. त्याची खुबी उघडण्यात आहे. अंगठ्यानं बाजूची कळ दाबली की नळी पुढे झुकते, मधला कप्पा उघडा पडतो आणि सहाही रिकामी काडतुसं आपोआप वर उचलली जातात. चिखलात, घाईत, थंडीनं बधिर झालेल्या बोटांनी भरता यावं असं ते यंत्र. भावजींना ते का आवडलं असेल हे मला पहिल्याच दिवशी कळलं. बिजागरी शंभर वर्षांनंतरही घट्ट होती.

पण हे रिव्हॉल्व्हर बर्मिंगहॅमहून निघालं तसं राहिलेलं नव्हतं. त्यात तीन बदल झाले होते.

पहिला बदल सिलिंडरचा. वेब्लीचं काडतूस '.४५५' मापाचं. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि ती कड सिलिंडरच्या मागच्या तोंडावर टेकते, म्हणून काडतूस जागेवर राहतं. ब्रिटिशांनी १९३२ साली लहान '.३८' मापाचं नवं रिव्हॉल्व्हर घेतलं आणि १९४७ साली या जुन्या वेब्लीला लष्करातून निवृत्त केलं. मग पन्नाशी-साठीच्या दशकांत ही निवृत्त शस्त्रं जहाजं भरभरून अमेरिकेत आली आणि स्वस्तात विकली गेली. अडचण एकच होती. '.४५५'ची काडतुसं अमेरिकेत सहजी मिळत नव्हती. तिथे ढिगानं मिळायचं ते अमेरिकन लष्कराच्या पिस्तुलाचं '.४५' काडतूस, आणि त्याला तशी कड नाही. तेव्हा व्यापाऱ्यांनी युक्ती काढली. सिलिंडरचं मागचं तोंड तासून पातळ केलं. तीन-तीन काडतुसं एका अर्धचंद्राच्या आकाराच्या पोलादी पट्टीत अडकवायची आणि त्या तासलेल्या जागेत बसवायची. काम स्वस्तात झालं, गिऱ्हाईक खूश झालं.

या युक्तीत एक खोट होती. जुन्या वेब्लीचं काडतूस मंद, कमी दाबाचं. '.४५'चा पूर्ण भार त्याच्या जवळजवळ दीडपट दाब निर्माण करतो. बंदुका विकायला जाण्यापूर्वी परीक्षागृहात एकदा मुद्दाम जादा दाबाचं काडतूस उडवून बघतात. बर्मिंगहॅमला १८१३ सालापासून असं परीक्षागृह आहे. जे एकदाच, परीक्षेपुरतं सोसायचं, त्याच्या आसपासचं ओझं या तासलेल्या वेब्लींवर रोजच्या रोज पडू लागलं. जाणकार आज एकमुखानं सांगतात की तासलेल्या वेब्लीतून बाजारातलं साधं '.४५' काडतूस उडवू नये.

दुसरा बदल रंगाचा. मूळची निळसर-काळी झिलई उतरवून कुणीतरी निकेलचा चकचकीत मुलामा दिला होता. मुलामा देण्याआधी धातू घासून गुळगुळीत करावा लागतो, त्यामुळे कोरलेले आकडे आणि शिक्के पुसट झाले होते. पुसटच झाले होते, गेले नव्हते. आडव्या उजेडात धरलं की ब्रिटिश सरकारच्या मालकीचा बाण दिसायचा, आणि एका जागी टोकाला टोक लावलेले दोन बाण. भाच्यानं त्या खुणेचा अर्थ सांगितला: शस्त्र सरकारी सेवेतून विकून टाकलं. मला हसू आलं. आमच्याकडे धनादेशाचे पैसे दिले की 'पेड'चा शिक्का मारत, त्याचंच हे धाकटं भावंड.

तिसरा बदल मुठीचा. मूळ मूठ काळ्या, कडक रबरासारख्या पदार्थाची असते. इथे दोन्ही बाजूंना गडद लाकडाच्या फळ्या होत्या, हाताच्या घामानं आणि तेलानं काळपट चमकणाऱ्या. भाच्याच्या यादीत त्यांच्यापुढे एवढंच लिहिलं होतं: 'नॉन-ओरिजिनल, बदलणे'.

त्याची योजना सरळ होती. न तासलेलं जुनं सिलिंडर एका संग्राहकाकडून मिळत होतं, ते बसवायचं. निकेल काढून पुन्हा झिलई द्यायची. मूळ पद्धतीची मूठ विकत मिळते, ती लावायची. "मग ते जसं १९१७ साली होतं तसं दिसेल," तो म्हणाला.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. हा निर्णय भाच्याच्या हाती होता तो त्या देशातल्या कायद्यामुळे. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्र बाळगायलाच नव्हे, तर ते दुरुस्त करायला किंवा त्यात बदल करायलाही परवानाधारकच लागतो. शिवाय '.४५५'चं कडेचं काडतूस किंवा लष्करी '.४५'चं बिनकडेचं काडतूस ज्यात बसेल असं रिव्हॉल्व्हर नियमांच्या प्रतिबंधित यादीत मोडतं. म्हणजे भावजींचं हे शस्त्र तासण्याआधी असतं तरी आणि तासल्यानंतर असतं तरी साताऱ्याच्या घरात राहू शकलं नसतं. हे लिहिताना मला वाईट वाटत नाही. ज्या घरात शस्त्र नाही त्या घराची झोप निराळी असते.

भाच्याची योजना ऐकताना मला का कोण जाणे, माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष आठवलं. लहान गावातली शाखा, जाड पुठ्ठ्याची खतावणी, शाईचं पेन. एका खात्यात मी १२० ऐवजी २१० लिहिलं. संध्याकाळी चूक सापडली. मी दाढीचं पातं घेतलं, कागदावरचा आकडा हलक्या हातानं खरवडला, त्या जागी खडू चोळला आणि वर सुबक अक्षरात १२० लिहिलं. काम इतकं बेमालूम झालं होतं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाखाधिकाऱ्यांनी ते पान उजेडासमोर धरलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "आकडा चुकला याची शिक्षा नाही. चुकतोच. त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. पण तुम्ही खरवडलंत. आता या पानावरचा कुठलाच आकडा मला खरा वाटत नाही." त्या एका वाक्यावर मी पुढची सगळी नोकरी केली. संगणक आले, खतावण्या गेल्या, तरी ते वाक्य खरं राहिलं. चुकीची नोंद उलटी नोंद करून फिरवायची असते, आधीची पुसायची नसते.

ही गोष्ट मी भाच्याला सांगितली. तो हसून म्हणाला, "पण मामा, इथे तर खरवडलं दुसऱ्यानंच आहे. मी भरून काढतोय."

मुद्दा चोख होता. त्याला उत्तर द्यायला मला तीन दिवस लागले.

त्या तीन दिवसांत मी पुष्कळ वाचलं, आणि वाचता वाचता अशाच एका बदललेल्या रिव्हॉल्व्हरपाशी थांबलो. ते रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसन कंपनीचं, 'व्हिक्टरी' या नावाचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं ब्रिटनला मदत म्हणून पाठवलं. युद्ध संपल्यावर निरुपयोगी माल म्हणून ते परत अमेरिकेत आलं. व्यापाऱ्यांनी त्याची पाच इंची नळी कापून सव्वादोन इंचाची केली, सिलिंडरची घरं वाढवून त्यात '.३८ स्पेशल' हे लोकप्रिय काडतूस बसेल असं केलं, आणि टपालानं २९ डॉलर ९५ सेंटला विकलं. विकत घेणाऱ्यानं खोटं नाव दिलं होतं. त्याचं खरं नाव ली हार्वे ऑस्वाल्ड. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून झाला. त्यानंतर तासाभराच्या आत टिपिट नावाचा पोलीस अधिकारी मारला गेला तो या कापलेल्या रिव्हॉल्व्हरनं.

पुढे चौकशीत या काटछाटीला फार महत्त्व आलं. नव्या काडतुसाची गोळी जुन्या नळीला किंचित बारीक पडत होती, त्यामुळे ती नळीत नीट घासली जात नव्हती आणि गोळ्यांवरच्या खुणांवरून खात्रीनं सांगता येईना की त्या याच शस्त्रातून सुटल्या. रिकाम्या टरफलांवरच्या खुणा मात्र जुळल्या. आज ते रिव्हॉल्व्हर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात चौकशी आयोगाचा पुरावा क्रमांक १४३ म्हणून जपलं आहे. उद्या कुणी म्हणालं की ही नळी बिचारी कापलेली आहे, पाच इंची लावून मूळ रूपात आणू या, तर त्याला आपण वेडा म्हणू. या वस्तूचा सगळा इतिहास त्या कापण्यातच आहे.

भावजींचं वेब्लीही याच वाटेनं आलेलं. निवृत्त शस्त्रांचा हा स्वस्त बाजार आणि टपालानं होणारी विक्री दोन्ही बंद झाली ती १९६८च्या कायद्यानं. केनेडी, मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी अशा तीन खुनांनंतर अमेरिकेनं तो कायदा केला. तासलेलं सिलिंडर हा त्या बाजाराचा शिक्का आहे. ते काम सुंदर नाही, शहाणपणाचं तर नाहीच. पण ते झालं होतं, आणि ते झालं होतं याचा दाखला त्या सिलिंडरखेरीज दुसरीकडे कुठे आहे?

"मग तुझं म्हणणं, कशालाच हात लावायचा नाही?" भाच्यानं विचारलं.

तसंही माझं म्हणणं नव्हतं. कारण मला दुसरं एक शस्त्र आठवत होतं, आणि ते आपल्या जवळचं आहे. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला साँडर्सवर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारे दोघे: आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खेडचे राजगुरू आणि भगतसिंग. भगतसिंगांचं ते '.३२' मापाचं कोल्ट पिस्तूल खटल्यानंतर पंजाबात पोलिसांकडे पडून राहिलं आणि १९६९ साली इतर काही शस्त्रांबरोबर इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रशाळेत आलं. तिथे गंज लागू नये म्हणून शस्त्रांना काळा रंग फासलेला होता. वर्षानुवर्षं ते पिस्तूल तिथे होतं, पण ते कुणाचं हे कुणालाच कळत नव्हतं. २०१६ साली रंग खरवडला तेव्हा खालचा क्रमांक दिसला. तो खटल्याच्या कागदांतल्या क्रमांकाशी जुळला. आता ते हुसेनीवाला इथल्या संग्रहालयात आहे.

इथे तर खरवडण्यानंच खरं बाहेर आलं! आपल्याकडे हे नवं नाही. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर तज्ज्ञांनी उतरवला आणि आतलं मूळ रूप कित्येक पिढ्यांनी प्रथमच पाहिलं. मग शेंदूर उतरवणं चालतं आणि सिलिंडर बदलणं चालत नाही, हा न्याय कुठला?

विचार करता करता मला फरक सापडला, आणि तो पुन्हा खतावणीतलाच होता. जे झाकलं गेलं आहे ते उघडं करता येतं, कारण खालची नोंद शाबूत असते. जे कापून गेलं आहे ते परत आणता येत नाही. त्या जागी जे येतं ते दुसऱ्या पानावरून फाडून आणून चिकटवलेलं असतं. भाच्याला मिळणारं सिलिंडर दुसऱ्याच एका वेब्लीचं होतं, त्यावर त्या वेब्लीचा क्रमांक होता. ते बसवलं की दोन खऱ्या वस्तूंची मिळून एक खोटी वस्तू तयार होणार. आणि पन्नास वर्षांनी, आम्ही कुणीच नसताना, ती कुणाच्या तरी हाती 'मूळ रूपातली' म्हणून पडणार.

शेवटी आम्ही दोघं तासाभराच्या अंतरावरच्या एका गावी बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. वय ऐंशीच्या घरात, डोळ्याला भिंग, बोटं तेलानं काळी. दुकानात सगळीकडे तेलाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास. त्यानं वेब्ली उघडलं, आतून नळी पाहिली, तासलेल्या तोंडावरून नख फिरवलं. मग त्यानं खर्च सांगितला. तो त्या वस्तूच्या बाजारभावाहून जास्त होता. आम्ही गप्प बसलो तसा तोच म्हणाला, "काम मला मिळालं तर हवंच आहे. पण निकेल उतरवून झिलई द्यायची म्हणजे मला पुन्हा घासावं लागेल. आकडे आधीच निम्मे गेलेत. माझ्या हातून उरलेले जातील. चालेल?"

भाच्यानं विचारलं, "आकडे नव्यानं कोरता येत नाहीत?"

म्हाताऱ्यानं भिंग कपाळावर सरकवलं आणि त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "येतात," तो म्हणाला. "मी कोरत नाही."

आमच्या शाखाधिकाऱ्यांची मला त्या क्षणी इतकी आठवण झाली! सात समुद्रांपलीकडे, तेलकट कपड्यात, तोच माणूस बसला होता.

मग त्यानं लाकडी मुठीवरून अंगठा फिरवला. "हे कुणी केलं? शिकार करणारे लोक मुठी बसवतात, पण कडा अशा जुळवत नाहीत. लाकूडही इकडचं नाही." भाचा म्हणाला, "बाबांनीच केली असणार. पण कसलं लाकूड ते मला माहीत नाही."

घरी आल्यावर मी ताईला विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझं पोळपाट आहे ते."

पहिल्यांदा अमेरिकेला आली तेव्हा ट्रंकेत घालून तिनं आईनं दिलेलं शिसवी पोळपाट आणलं होतं. हे मलाही आठवत होतं, कारण त्या पोळपाटाच्या वजनापायी विमानतळावर काकांनी तिला किती बोलून घेतलं होतं! तिकडच्या कोरड्या हिवाळ्यात, घर तापवणाऱ्या यंत्राच्या झळीत, दोन-तीन वर्षांत ते पोळपाट उभं चिरलं. ताई रडली. भावजींनी ते टाकू दिलं नाही, तळघरात ठेवलं. पुढे १९७४ साली त्यांनी हे वेब्ली विकत आणलं. त्याची काळी मूठ तडकलेली होती. तेव्हा चार रविवार बसून त्यांनी त्या पोळपाटाच्या तुकड्यांतून ही मूठ घडवली.

"मला राग आला होता तेव्हा," ताई म्हणाली. "म्हटलं, आईचं पोळपाट बंदुकीला लावलंत? तर म्हणाले, बंदुकीला कशाला, हातात धरायला लावलंय."

भाच्यानं खिशातून यादी काढली आणि 'नॉन-ओरिजिनल, बदलणे' यावर एक रेघ मारली. खरवडलं नाही, हे मी पाहिलं.

आता राहिली होती एकच गोष्ट, आणि ती मला पहिल्या दिवसापासून टोचत होती. घरात या रिव्हॉल्व्हरची एक कथा होती. भावजींचे आजोबा सातारा जिल्ह्यातले, मराठा पलटणीत शिपाई. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेलेले. तिथे कुत या गावी सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी डिसेंबर १९१५ मध्ये वेढा घातला. अन्न संपलं, घोडे मारून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी जवळपास तेरा हजार माणसं शरण गेली. आजोबा त्यांत होते. 'पणजोबांच्या साहेबाकडे जे होतं ते हे रिव्हॉल्व्हर', असं भाचा आपल्या मुलांना सांगत आला होता. मुलं शाळेत सांगत आली होती.

माझ्यातल्या कादंबरीकाराला ही कथा फार आवडली. बँकवाल्याला साल खटकलं. चौकटीवर पुसट कोरलं होतं: १९१७. कुत पडलं १९१६ला. जे बनलंच नव्हतं ते साहेबाच्या कमरेला कसं असेल?

सांगावं की न सांगावं? झिलई करायला दिलं असतं तर ते साल घासून गेलं असतं आणि कथा कायमची सुखरूप झाली असती. कुणाचं काय बिघडणार होतं? एक रात्र मला झोप नाही. सकाळी चहाच्या वेळी मी चाचरत विषय काढला. भाचा गप्प झाला. ताई मात्र शांतपणे म्हणाली, "साहेबाचं आहे असं ते कधीच म्हणाले नव्हते. ते तुम्ही लोकांनी वाढवलंत."

"मग बाबांनी का घेतलं?"

"साल बघून. दुकानात दोन होती. हे जरा महागच होतं, शिवाय मूठ तडकलेली. मी म्हटलं, ते दुसरं घ्या. तर म्हणाले, यावर सतरा साल आहे. सतरा साली आजोबा कैदेत होते. तुर्कांच्या रेल्वेच्या कामावर दगड उचलत होते. गावात त्यांचं श्राद्ध घालून झालं होतं. आणि त्याच वर्षी तिकडे बर्मिंगहॅमात कुणी कारागीर हे घासूनपुसून नीट करत बसला होता. एवढंच म्हणाले. पुढं आयुष्यात एकदाही त्यांनी ते उडवलं नाही. रविवारी तेल लावायचे आणि ठेवायचे."

आजोबा १९१९ साली परत आले, तेव्हा त्यांना दारात कुणी ओळखलं नाही, ही गोष्ट मी माहेरीच ऐकली होती. पण भावजींनी त्या कैदेची आठवण अशी, एका कोरलेल्या सालाच्या रूपानं घरात आणून ठेवली असेल हे माझ्या ध्यानी आलं नव्हतं. खरी कथा आमच्या कथेपेक्षा साधी होती आणि चांगली होती. ती त्या चार पुसट आकड्यांवर टिकून होती. तेवढे आकडे आम्ही पैसे देऊन घासून घेणार होतो.

त्या दुपारी निर्णय झाला. फार चर्चा लागली नाही. सिलिंडर तासलेलंच राहील, आणि रिव्हॉल्व्हर कधीही उडवलं जाणार नाही. निकेल राहील. गंज दिसला तर तेवढाच साफ करायचा, नळीला आतून-बाहेरून हलकं तेल लावायचं, कातडी म्यानात ठेवायचं नाही, कारण चामडं ओल धरतं. मूठ राहील. तिजोरी कुलूपबंद राहील. आणि सोबत एक कागद राहील.

तो कागद मी लिहिला, मराठीत, आणि भाच्यानं त्याखाली इंग्रजीत. खतावणीच्या शिस्तीनं, एका खाली एक. १९१७: बर्मिंगहॅम इथे निर्मिती. नंतर: सरकारी सेवेतून विक्री, दोन बाणांची खूण. अमेरिकेत: सिलिंडर तासलं, करणाऱ्याचं नाव ठाऊक नाही, '.४५' काडतूस घालणं धोक्याचं. निकेल: कुणी, कधी, ठाऊक नाही. १९७४: भावजींनी खरेदी केलं. त्याच वर्षी: मूठ, ताईच्या शिसवी पोळपाटाची. घरात सांगितली जाणारी साहेबाची कथा खरी नाही. कारण वरचं साल. २०२३: काही बदललं नाही. शेवटच्या ओळीशेजारी आम्ही दोघांनी सह्या केल्या.

ताईनं चष्मा लावून कागद वाचला. पोळपाटाच्या ओळीपाशी जरा थांबली. मग पेन मागून तिनं 'ताईच्या' यावर एक आडवी रेघ मारली, वर 'आईच्या' असं लिहिलं आणि शेजारी आपली सही केली.

"बरोबर झालं," ती म्हणाली. "आता उचला ते टेबलावरून. पानं घ्यायची आहेत."